रोलमधून माणूस कापता येत नाही

मेहरूणला प्रमिलाबाईंच्या पुढच्या खोलीत भिंतीवर तीन फ्रेमा आहेत. एकीत सप्तशृंगीदेवी, दुसरीत त्यांचे वारलेले यजमान पितांबर, आणि तिसरीत काहीच नाही. तिसरीला काच आहे, सोनेरी पट्टी आहे, मागे पुठ्ठाही आहे. फक्त माणूस नाही. दिवाळीला प्रमिलाबाई तिन्ही काचा सारख्याच निष्ठेने पुसतात. नवा पाहुणा आला की चहाचा कप हातात घेऊन त्या तिसऱ्या फ्रेमकडे बघत राहतो आणि शेवटी विचारतोच, हा कोणाचा फोटो?

"मना भाऊस्ना," प्रमिलाबाई सांगतात. "अजून काढाना बाकी शे."

प्रमिलाबाईंना दोन भाऊ. थोरले अभिमन आबा शिंदखेड्याच्या बाजूला गावी शेती करतात, धाकटे नवल नाना नशिराबादला. नाना शाळामास्तर होते आणि निवृत्त झाल्यावरही वाक्य पूर्णविरामासह बोलतात. ह्या दोघांचं बोलणं बंद आहे. कारण विचाराल तर दोघंही एकच शब्द सांगतात, आणि भांडणातल्या दोन पक्षांचं एवढं एकमत दुसरीकडे कुठे सापडणार नाही. तो शब्द आहे कोपर.

झालं असं की नानांच्या मुलीच्या, मेघाच्या लग्नात सगळ्या घरादाराचा फोटो निघाला. नानांचा मुलगा हितेंद्र ह्याने तो मोबाइलवर नीटनेटका कापून घराण्याच्या ग्रुपवर टाकला. त्यात नवरानवरी होती, विहीण होती, विहिणीचा भाचा होता, आइस्क्रीमवाला अर्धा होता. आबांचं मात्र फक्त कोपर होतं. फोटोच्या डाव्या कडेला पांढऱ्या बाहीतलं, वाकलेलं, एकटं कोपर. आबांनी ते बघितलं आणि लगेच ओळखलं. हे टोकदार हाड त्यांच्या वडिलांचं, वडिलांनंतर आपल्याकडे आलेलं. त्यांनी तालुक्याला जाऊन तेवढंच कोपर मोठं करून घेतलं, त्याला लॅमिनेशन केलं, आणि तेव्हापासून ते कोपर आबांच्या पिशवीत असतं. कुणी म्हणालं, आबा, भाऊबंदकीत असं चालायचंच, की आबा पिशवीतून कोपर काढून समोर ठेवतात.

नानांचं म्हणणं, मोबाइलच्या चौकोनात माणसं मावत नाहीत, त्यात मुद्दाम काय? पण हे त्यांनी आबांना कधी सांगितलं नाही, कारण सांगायला बोलावं लागलं असतं.

प्रमिलाबाईंचं मागणं एवढंच होतं की दोघं जिवंत असताना दोघांचा एक फोटो त्या फ्रेमीत यावा. मेल्यावर काय, दोन फोटो शेजारी शेजारी लावून हार घालता येतो. त्याला भावांची परवानगी लागत नाही. हे त्या हसत म्हणायच्या, पण गेल्या वर्षी आबांच्या छातीत कळ येऊन गेली तेव्हापासून हसणं कमी झालं होतं.

त्यांनी आबांना फोन केला. आबा म्हणाले, फोटोला ना नाही, पण मोबाइलवर नाही. मोबाइलमधून माणूस कापतात. कापल्याचं रक्तसुद्धा निघत नाही. पितांबरचा तो घडीचा कॅमेरा अजून असेल तर येतो. "रोलमधून माणूस कापता येत नाही," ते म्हणाले, आणि एवढं वाक्य त्यांनी चक्क पुस्तकी मराठीत म्हटलं, म्हणजे ते कायम टिकावं.

कॅमेरा होता. लोखंडी पेटीत, पितांबररावांच्या मफलरीत गुंडाळलेला. बंद असला की जाड पाकिटासारखा. कळ दाबली की पुढचं दार खाली पडतं आणि आतून काळ्या चामड्याचा भाता भिंग घेऊन पुढे येतो, हार्मोनियम सरकल्यासारखा. भुसावळच्या रेल्वेतल्या कुण्या साहेबाने विलायतेला जाताना तो पितांबररावांच्या वडिलांना विकला होता. तोवर फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या महालासमोर, श्वास रोखून काढायची गोष्ट. हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा. पितांबररावांनी तो खिशात घातला आणि हौस म्हणून विहिरी काढल्या, बैल काढले, वाळत घातलेली मिरची काढली, बाजारातली भांडणं काढली. एसटीत कारकुनी करून उरलेला वेळ ते ह्यातच घालवायचे आणि फोटोचे कुणाकडून काही घेत नसत. त्यामुळे गल्लीत बराच काळ त्यांच्याविषयी संशय होता. हा माणूस फुकट फोटो काढतो, तर ह्याला नक्की काय पाहिजे?

फोटो कोण काढणार ह्याची चिंता नव्हती. शीतलचे यजमान भूपेंद्रराव, म्हणजे प्रमिलाबाईंचे जावई, शिरपूरला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. त्यांनी व्हिडिओ बघून जुन्या कॅमेऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यांनी रोल मागवला, भात्याला बारीक भोकं पडली होती तिथे वायरीला लावायची काळी टेप चिकटवली, आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की ह्या रोलवर आठच फोटो येतात. मागे लाल काचेची खिडकी आहे, तिच्यात आकडा दिसतो. एक फोटो झाला की बाजूची किल्ली फिरवून पुढचा आकडा आणायचा. शटर वेगळं, किल्ली वेगळी. हे सांगताना ते पंचांग सांगणाऱ्या गुरुजींसारखे डोळे मिटून घेत. त्यांचं काही चुकलं तर? आमच्याकडे जावयाचं चुकत नाही. चुकलं तर हवामान चुकतं.

नानांनीही होकार दिला, पण मास्तर असल्यामुळे अटी मुद्देसूद पाठवल्या. आबांच्या अगदी शेजारी बसणार नाही, मध्ये अक्का, म्हणजे प्रमिलाबाई, पाहिजे. आबांचीही नेमकी तीच अट होती. प्रमिलाबाई खूश झाल्या. मग नानांचा पुन्हा फोन आला. अक्का मध्ये बसली की फोटोत तिघं होतात. तिघांचा फोटो काढू नये. मधलं माणूस जातं.

हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण बोलून दाखवल्यामुळे आता टाळता येईना. चौथं माणूस हवं. नानांच्या मंडळी बसल्या तर नानांची बाजू जड होते. आबांचा मुलगा सुकलाल बसला तर आबांची. शीतल बसली तर ती कोणाच्या अंगाला कलते ह्याचे अर्थ निघतील. जावई तर कॅमेऱ्यामागे. शेवटी प्रमिलाबाईंनी आपली जुनी तोड काढली. तिघं जण मुलगी बघायला निघाले तर काय करतात? सोबत एक दगड घेतात, चार होतात. इथेही दगड घेऊ.

दोन्ही भावांना हे पटलं. दगडाला बायको नाही, मुलं नाहीत, ग्रुप नाही. प्रश्न एवढाच उरला की दगड कुठला? आबांच्या शेतातला की नानांच्या अंगणातला? भूपेंद्ररावांनी स्कूटर काढली आणि मेहरूण तलावाच्या काठावरून सरकारी जागेतला, कोणाशी नातं नसलेला, नारळाएवढा दगड उचलून आणला.

रविवारी दोघं आले. प्रमिलाबाईंनी भरिताचा बेत ठेवला होता, कारण थंडीतल्या भरितावर रुसणारा माणूस खानदेशात अजून जन्माला आलेला नाही. दोघं जेवले, एकाच पंगतीत, मध्ये दोन ताटांची जागा सोडून. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कोणाला आधी वाढली गेली हे दोघांनीही बघून ठेवलं. शीतलने दोन्ही हातांनी एकदम वाढली होती. ती ह्याच घरची मुलगी.

अंगणात चार खुर्च्या मांडल्या. तीन प्लॅस्टिकच्या आणि एक पितांबररावांची हातांची लाकडी. लाकडीवर कोण बसणार ह्यावरून आधीच वातावरण तापेल म्हणून प्रमिलाबाईंनी तिच्यावर दगड ठेवला. शीतलने सवयीने दगडाला हळदकुंकू लावलं. लगेच समोरच्या घरातल्या रुपली मावशी फाटकाशी आल्या, चप्पल काढली आणि हात जोडले. त्यांना बघून दूधवाला थांबला. आबांनी हरकत घेतली. दगडाचा देव झाला तर तो माणसांत धरता येत नाही, मग पुन्हा आपण तिघंच. दगड धुतला, फडक्याने पुसला आणि परत खुर्चीवर ठेवला. दूधवाला मात्र नमस्कार फुकट गेल्यासारखा तोंड करून गेला.

पहिला फोटो भूपेंद्ररावांनी तुळशीचा काढला. कळ हलकी आहे का हे बघताना ती दाबली गेली होती. "छान," प्रमिलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या वेळी भिंगाचं अंतर जुळवायला आबांच्या काठीने जमीन मोजली, आणि काठी आबांची असल्यामुळे ते माप नानांना मान्य होईना. नानांनी शाळेच्या सवयीने पावलं टाकून पुन्हा मोजलं. तोवर ऊन सरकलं आणि भूपेंद्ररावांची सावली सगळ्यांच्या तोंडावर आली. "हवामान," प्रमिलाबाई म्हणाल्या. तिसऱ्यात शेळी आली. भूपेंद्रराव दर वेळी किल्ली फिरवत, लाल खिडकीत डोकावत आणि आकडा मोठ्याने वाचत. फोटो वाया गेले तरी त्यांचं गांभीर्य काही कमी होईना.

खरी अडचण वेगळीच होती. मधली जागा आता अक्काऐवजी दगडाला मिळाली होती. दोघं बसले होते त्याच्या दोन बाजूंना, प्रमिलाबाई नानांच्या पलीकडे. फोटोत हालायचं नाही, आणि एकमेकांना काही सांगायचं तर बोलणं बंद. चौथ्या फोटोच्या वेळी आबा न राहवून दगडाकडे वळले.

"सांग त्याले," ते दगडाला म्हणाले, "पाय मांगे ले. पुढारीसारखा बसेल शे."

नानांनी चष्मा पुसला. तेही दगडाकडे वळले. "ह्यांना सांगावं, की पाय माझे आहेत आणि अंगण अक्काचं आहे."

दगड काही बोलला नाही. त्यामुळे दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटला.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. लग्नाच्या आहेरापासून विहिरीच्या मोटारीपर्यंत, आईला शेवटी कोणाकडे करमत होतं इथपर्यंत, सगळं दगडाला सांगून झालं. आबांचा आवाज चढला. नानांचा पूर्णविराम सुटला, मग पुस्तकी मराठीही सुटली. कितीतरी वर्षांत कुणी ऐकली नव्हती अशी गावची बोली त्यांच्या तोंडून यायला लागली, तीही दगडाशी. "तू त्याले इचार," ते दगडाला म्हणाले, "माय मरनी तवय माले उशिरा कसाले कळावं?" त्यावर आबा दगडाला म्हणाले, ह्याला सांग, फोन लागत नव्हता. भूपेंद्ररावांनी ह्या दरम्यान दोन फोटो काढले. दोन्हींत दोन म्हातारे हातवारे करून दगडाला जाब विचारत होते.

सहावा झाल्यावर भूपेंद्रराव म्हणाले, दोनच उरले, आता तरी नीट बसा. त्यावर आबा उठले. ह्याच्यासोबत बसायचं नाही, माझा एकट्याचा काढा, लाकडी खुर्चीवर. नाना म्हणाले, मग माझाही एकट्याचा, त्याच खुर्चीवर. दोघांचं पुन्हा एकमत झालं.

प्रमिलाबाई निदान आबांच्या शेजारी उभ्या राहायला गेल्या. नानांनी लगेच बोट वर केलं. आबा, अक्का आणि दगड, म्हणजे तिघं. भूपेंद्रराव म्हणाले, मग दगड बाजूला ठेवू. नाना म्हणाले, असं कसं? एवढा वेळ त्याला माणसांत धरलं, त्याच्याशी घरातलं सगळं बोलून झालं, आता सोयीने दगड म्हणायचं? हे आबांनाही पटलं. दगड राहिला. प्रमिलाबाई बाजूला झाल्या.

त्यांनी दोघांकडे बघितलं. आतल्या भिंतीवरच्या फ्रेमीचा एक कोपरा उघड्या दारातून दिसत होता. एका फ्रेमीला दोन फोटो. एक लावला तर दुसरा रुसणार, दोन्ही लावले तर मध्ये लाकडाची पट्टी येणार. त्या पदर खोचून भूपेंद्ररावांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

दगड स्टुलावर ठेवला आणि आबा लाकडी खुर्चीवर बसले, टोपी सारखी करून. फोटो झाला. आबा उठले. नाना बसायला गेले तेवढ्यात शेळी पुन्हा आली, आणि भूपेंद्ररावांनी तिवईवरचा कॅमेरा सासूबाईंवर सोपवून शेळीला फाटकाबाहेर हाकललं. परत येऊन हात झटकत त्यांनी विचारलं, आई, किल्ली फिरवायची राहिली का?

"फिरावली," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं तरी कसं चुकेल? भूपेंद्ररावांनी नुसतं शटर ओढलं आणि नानांचा फोटो काढला. नाना उठल्यावर प्रमिलाबाईंनी स्वतःच किल्ली फिरवायला घेतली आणि रोल संपेपर्यंत फिरवली. भात्याची घडी घालून कॅमेरा बंद केला, अगदी पितांबरराव करत तसा अंगठ्याने दाबून.

रोल मुंबईला धुवायला गेला. परत आला तेव्हा सातच फोटो होते, आठवी जागा कोरी. आधीचे सहा कामाचे नव्हते. तुळस बरी आली होती. सातवा मोठा करून घेतला, फ्रेमीच्या मापाचा, आणि प्रमिलाबाईंनी तो लावून टाकला. मग दोघांनाही एकाच वेळचा निरोप धाडला.

दोघं आले, फाटकात एकमेकांना टाळून आत शिरले आणि भिंतीसमोर थांबले.

खुर्ची एक होती. तिच्यावर बसलेला माणूसही वरवर एकच होता. पण त्याला आबांच्या मिशा आणि नानांचा चष्मा होता. आबांच्या पांढऱ्या टोपीतून नानांचं टक्कल चमकत होतं. हात चार होते, दोन गुडघ्यांवर आणि दोन छातीशी बांधलेले. छातीच्या जागी आबांच्या सदऱ्याची बटणं नानांच्या स्वेटरच्या खाली धुरासारखी दिसत होती. शेजारी स्टुलावर दगड. तो मात्र एकाच जागी दोनदा निघाल्यामुळे असा ठसठशीत आला होता की सगळ्या फोटोत तोच एक भरवशाचा माणूस वाटत होता.

भूपेंद्ररावांनी हवामानाचा विषय काढायला तोंड उघडलं आणि शीतलने त्यांना चहा आणायला आत नेलं. आबा पुढे झाले. त्यांनी फोटोतल्या चार हातांमधल्या एकावर बोट ठेवलं.

"हाई कोपर मनं शे."

दगड खोलीत नव्हता. तो मागच्या दारी, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर होता. त्यामुळे नानांना उत्तर कोणाला द्यावं हे क्षणभर सुचेना. मग ते सरळ आबांना म्हणाले, "तुमचं कसं? त्यावर माझ्या स्वेटरची बाही आहे."

"बाही तुनी व्हई. हाड मनं शे."

आबांनी पिशवीतून लॅमिनेशन केलेलं कोपर काढलं आणि काचेला लावलं. जुळलं. तंतोतंत जुळलं. आबांची मान ताठ झाली. नानांनी ते कोपर त्यांच्या हातातून घेतलं, चष्मा वर करून बघितलं, मग स्वतःची बाही वर केली आणि हात वाकवून शेजारी धरला. तेही जुळलं. शीतल चहा घेऊन आली, तर दोन म्हातारे शर्टाच्या बाह्या सरसावून, कोपरं वर करून भिंतीसमोर उभे होते.

"बाप ते आपला एकच व्हता ना भाऊ," नाना म्हणाले.

आबांनी कोपर परत हातात घेतलं. पहिल्यांदाच त्यांनी ते पुराव्यासारखं न धरता प्रश्नासारखं धरलं. लग्नात पांढरा सदरा तर दोघांनीही घातला होता. म्हणजे हे कोपर कोणाचं?

दोघं एकाच वेळी एकाच शंकेपाशी पोहोचले. लग्नाचा तो फोटो शीतलच्या मोबाइलवर काढून दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. नवरानवरी, विहीण, भाचा, अर्धा आइस्क्रीमवाला. आबा त्यात नव्हते. पण नानाही नव्हते. मुलीच्या लग्नात मुलीचा बाप नव्हता, आणि हे इतकी वर्षं बापाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण सगळं भांडण आबांच्या कोपरावर चाललं होतं. आता ते कोपर नानांचं असेल तर आबा पूर्णच कापले गेले, आणि आबांचं असेल तर नाना.

"हितेंद्र," नाना म्हणाले. आवाजात मास्तरकी परत आली होती.

"चाल," आबा म्हणाले. "आत्तेच ईचारू त्याले."

चहा तसाच राहिला. दोघं अंगणात गेले आणि भूपेंद्ररावांना गाडी काढायला सांगितली. त्यांच्या मागे शीतल आईजवळ आली. हळूच म्हणाली, आई, त्या दिवशी तू किल्ली फिरवली नव्हतीस ना?

प्रमिलाबाई फ्रेम जरा डावीकडून सरळ करत होत्या.

"फिरावती ते दोन व्हतात," त्या म्हणाल्या. "माले एक पाहिजे व्हता."

बाहेर हॉर्न वाजला. मग परत वाजला. गाडी सुरू होती, पण निघेना. आबा पुढच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून काही सांगत होते, नाना मागच्या खिडकीतून तेच सांगत होते. भूपेंद्रराव, आबा आणि नाना, तिघं जण, कामाला निघालेले. असं कसं जाणार?

प्रमिलाबाई मागच्या दारी गेल्या, टाकीच्या झाकणावरून दगड उचलला, पदराने पुसला आणि आणून नानांच्या शेजारी सीटवर ठेवला. नानांनी त्याला पट्टा लावला. मग गाडी नशिराबादच्या रस्त्याला लागली.